पोतंभर जीव

२७ एप्रिल २०२५
मिशिगन

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता चुलीत टाकणार नाहीस, एवढं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागदावर लिहितो आहे. आज जे विचारायचं आहे ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही. प्रश्न माशांचा आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही ट्रॉय सोडलं आणि तिथून उत्तरेला पाऊण तासावर जुनं घर घेतलं. कंपनी अजून ट्रॉयलाच आहे, रोज जाऊन येतो. सुनेत्रा म्हणते, "तुम्ही घर बघायला गेला होता आणि तळं बघून आलात." खरं आहे ते. घरामागे एकराला थोडं कमी असं तळं आहे आणि ते आपलं एकट्याचं आहे. सोसायटी नाही, ठेका नाही, ग्रामपंचायत नाही. हिवाळाभर त्यावर बर्फ होतं आणि बर्फावरून हरणं चालत जायची. मार्चच्या शेवटी बर्फ तडकलं तेव्हा आवाज घरात ऐकू आला. मी चहा टाकून बाहेर पळालो.

आता मासे. इथे बास नावाचा मासा असतो. तोंड मरळीसारखं मोठं, आणि अंग रोहूसारखं भरलेलं असायला हवं. आपल्या तळ्यातले तसे नाहीत. डोकं मोठं आणि मागचं अंग वाळलेलं, बापाची टोपी घातलेल्या पोरासारखे दिसतात. शेजारी डेल म्हणून सत्तरीचे गृहस्थ राहतात. ते आधीच्या मालकाच्या वेळेपासून इथे गळ टाकतात, मीही नको म्हटलं नाही. इथली पद्धत अशी की मासा गळाला लागला की त्याला मोजायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचं. हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतं.

डेल मला एकनाथ म्हणत नाहीत, 'एक' म्हणतात. परवा एक बास हातात धरून म्हणाले, "एक, तुझे मासे उपाशी आहेत. ह्यांना क्रॉफिश आणून टाक."

क्रॉफिश म्हणजे झिंगा आणि खेकडा यांच्या मधलं काही तरी. बोटभर ते वीतभर लांब, पुढे खेकड्याच्या नांग्या, मागे झिंग्याची शेपटी. तळाशी राहतो, कुजलेला पाला खातो, आणि त्याला बास खातो. माशांचं बीज विकणाऱ्या एका माणसाला फोन केला. तो म्हणाला, "ह्याच राज्यातले, इथल्याच जातीचे देईन, पण जूनमध्ये. नाव लिहून ठेवू का?" मी सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

कारण माझं अडलं आहे. ढिवराच्या घरचा असून बाविसाव्या वर्षी मी तुळशीची माळ घातली. तेव्हापासून मासा खाल्ला नाही, मारला नाही. आता माशाला खायला घालण्यासाठी जीव विकत घ्यायचे, म्हणजे मारणं कोणाच्या नावावर? आणि तळ्यातले मासे डोळ्यांसमोर वाळू द्यायचे, ते कोणाच्या? तू हसशील. पण हसून झाल्यावर सांग, मासे रोड का होतात? आणि खाणं टाकलं तर खरंच भरतात का?

तलावावरच्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मत्स्य खात्याचं पथक आलं, तू सोडलेले बंदीचे मांगूर मासे जाळ्यांनी काढून खड्ड्यात पुरले, तुझं मच्छीमार सोसायटीचं अध्यक्षपद गेलं. तू अंगणात मला विचारलंस, "नाथा, हे तू केलं का?" मी आईसमोर माळेवर हात ठेवून नाही म्हणालो. त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस, आईच्या दिवसांतही नाही. असो.

माशांचं तेवढं कळव.

नाथा

१८ मे २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचायलाच तीन आठवडे लागतात, हे मी स्वतःला सांगतो.

क्रॉफिश तळ्यात गेले. जूनपर्यंत थांबलो नाही. आणले कुठून, ते पुन्हा केव्हा तरी लिहीन. मात्र मी ते मारायला आणले नाहीत, एवढं आज लिहून ठेवतो.

परवा सकाळी अंघोळ, पूजा करून काठावर बसलो आणि एकेक हातात घेऊन सोडला. पाठीमागून धरायचं, खेकड्यासारखंच, हे हाताला अजून आठवत होतं. तू शिकवलेलं. रंग काळपट लाल, नांग्यांवर मोहरीएवढे लाल दाणे, डोळे काडीवर टेकवल्यासारखे. हातात धरला की दोन्ही नांग्या वर करून दम देतो. एवढासा जीव, पण माझ्यापुढे मागे हटला नाही. पाण्यात टाकला की मात्र शेपटी आत मारून उलटा पळतो. पुढे चालायचं सावकाश आणि पळायचं मागे. हे मी अर्धा तास बघत बसलो आणि ऑफिसला उशीर झाला. एका मादीच्या शेपटीखाली अंड्यांचा घोस होता, काळी मोहरी चिकटवल्यासारखा. तिला मी लव्हाळ्याच्या बाजूला, उथळ पाण्यात सोडलं.

प्रत्येकाला सोडताना देवाचं नाव घेतलं. सुनेत्रा मागून म्हणाली, "इकडे नाव घ्यायचं आणि तिकडे माशाच्या तोंडात द्यायचं. माळकऱ्यानं खानावळ काढली म्हणायची."

मी म्हणालो, "तोंडात जायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. लपायला जागा आहे."

"मग खानावळ तरी नीट चालवा," म्हणाली आणि आत गेली.

आपली स्वानंदी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला शिकते. ती सुट्टीला घरी आली आहे, मीच गाडी घेऊन आणायला गेलो होतो. दहा तासांचा रस्ता आहे. ती मात्र दोन दिवस गाडीत बसायला तयार नाही. वास येतो म्हणते.

नाथा

२९ जून २०२५

दादा,

आधी चांगलं लिहितो. दहा-बारा दिवसांपूर्वी तळ्याच्या काठावर मातीच्या नळ्या उभ्या राहिलेल्या दिसल्या. वीतभर उंच, मध्ये पोकळ, वर तोंड उघडं. ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या, कुंभारणीने बोटांनी दाबून बसवाव्यात तशा. मला वाटलं कोणा पोराचा खेळ. जवळ बसून बघितलं तर आतून एक नांगी नवी गोळी घेऊन वर आली, काठावर ठेवली, दाबली आणि खाली गेली. खाली बीळ आहे आणि बिळातली माती तो वर आणून रचतो. आपल्याकडे धानाच्या बांधाला खेकडे बिळं पाडायचे आणि तू खांद्यापर्यंत हात घालून काढायचास. पण बिळावर धुराडं बांधणारा खेकडा मी पाहिला नव्हता. कशासाठी बांधत असेल? माती टाकायला दुसरी जागा नाही म्हणून, की आत वारा खेळावा म्हणून? रोज सकाळी मोजत होतो. काल सदतीस होती.

आता दुसरं. मागच्या रविवारी पाऊस झाला. सकाळी डेल फाटकाशी आले, हातात बादली. बादलीत आपला एक क्रॉफिश. त्यांच्या घरासमोरच्या रस्त्यावर चालताना सापडला, पलीकडच्या ओढ्याच्या दिशेला. हा जीव पावसात जमिनीवरून चालत जातो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"एक, हे तू त्या बीजवाल्याकडून घेतले?"

मी बादलीत वाकून बघितलं.

"हे इथले नाहीत," डेल म्हणाले. "हे दक्षिणेतले, लुइझियानातले. हे दाणे बघ नांगीवरचे. कुठून आणलेस?"

तुला जे लिहायचं टाळलं होतं ते त्यांना सांगावं लागलं, तेव्हा आता तुलाही. स्वानंदीला आणायला गेलो तेव्हा तिच्या कॉलेजजवळ एडिसनला किराणा घ्यायला थांबलो होतो. जवळच एक मासळीचं दुकान होतं. दाराशी जाळीची पोती रचलेली आणि आत सगळं हलत होतं. दुकानदार म्हणाला, उकळत्या पाण्यात मसाला टाकून जिवंतच सोडतात, लोक पोत्यांनी नेतात. मी तिथे उभा राहिलो आणि मला वाटलं, देवाने माझ्या प्रश्नाचं उत्तर दाराशी आणून ठेवलं आहे. माशांसाठी जीव विकत घ्यायचे नव्हते. पण हे तर उकळणारच होते. मी त्यांना कढईतून सोडवतो, तळ्यात सोडतो, पुढचं त्यांचं नशीब. माशांचं पोटही भरेल आणि मला पुण्यही. एक पोतं घेतलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं, वर बर्फ ठेवलं. पेनसिल्व्हेनियात स्वानंदी झोपेतून उठून म्हणाली, "बाबा, समथिंग इज मूव्हिंग बॅक देअर." मी म्हणालो, कोथिंबीर आहे.

डेल ऐकून बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तू खात नाहीस, मी खातो. मला पोतं दाखवलं असतंस तर हा प्रश्न एका दुपारी मिटला असता."

मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की ही जात ह्या राज्यात जिवंत ठेवायलाही बंदी आहे. एका तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते, काठ पोखरते, इथल्या मूळच्या क्रॉफिशना हुसकते, माशांची अंडी खाते. मी राज्याच्या खात्याचं पान काढून वाचलं. फोटोतला प्राणी आणि बादलीतला एकच.

"मी काही बघितलं नाही," डेल म्हणाले. "तळं तुझं आहे."

बास भरले आहेत, दादा. पोटाला गोलाई आली आहे. तेही लिहिलं पाहिजे.

नाथा

१३ जुलै २०२५

दादा,

दोन आठवडे मी पिंजरे लावले. कुत्र्याचं खाणं आमिष म्हणून आत ठेवायचं आणि सकाळी उचलायचं. सोडले होते त्याहून जास्त निघाले, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लं. म्हणजे ती अंड्यांची मादी लव्हाळ्यात सुखरूप बाळंत झाली. आणि पकडलेल्यांचं करायचं काय, हे मला कळेना. मारवत नाही, सोडवत नाही. ती सगळी गॅरेजमध्ये टबात भरून ठेवली आणि टब भरला.

सुनेत्रा म्हणाली, "कोणाला कळणार आहे? पिंजरे लावत राहा, गप्प बसा."

मी म्हणालो, कोणाला कळायला नको असेल तर मी गप्प बसू शकतो. मला ते येतं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि आता तुला सांगतो.

अर्ज मी केला होता. तालुक्याच्या मत्स्य कार्यालयासमोर टपरीवर बसून, कोऱ्या कागदावर, माझ्या हाताने. तलावात बंदी असलेले मांगूर सोडले आहेत, तलावातले मूळचे शिंगूर आणि दाडक मासे दिसेनासे झाले आहेत, तलाव भरून वाहिला तर हे मासे नाल्यात जातील, असं सगळं लिहिलं. त्यातलं काही खोटं नव्हतं. खाली सही मात्र केली नाही. 'एक ग्रामस्थ' लिहिलं. तुला आधी समोर बसून सांगता आलं असतं. मी चार दिवस घरात तुझ्या ताटाशेजारी जेवत होतो. पण मला वाटलं, तू लोभापायी आंधळा झाला आहेस आणि लोभी माणसाला सांगून काय उपयोग. मी माळकरी, मी शिकलेला, मला दिसतं.

तू मांगूर का आणलेस, हे मी कधी विचारलंच नाही. सोसायटीतल्या पोरांना मजुरीला सुरतेला जावं लागू नये म्हणून आणलेस, असं आई नंतर म्हणाली होती. मी तेही कानाआड केलं. मलाही एडिसनच्या त्या दुकानासमोर फार चांगलं वाटलं होतं, दादा. इतकं चांगलं वाटत असताना माणूस विचारत नाही की हा जीव कुठला, आणि उद्या काय करील.

आणि तू विचारलंस तेव्हा माळेवर हात ठेवला. हात ठेवताना मणी मोजल्यासारखे बोटांना लागले, ते आजही लागतात. पूजेला बसतो तेव्हा उजव्या हाताने माळ सारखी करत नाही, डाव्याने करतो. हे सुनेत्राला वाटतं खांदा दुखतो म्हणून.

सोमवारी सकाळी नऊ वाजता राज्याच्या खात्याला फोन करणार आहे. ह्या वेळी नाव सांगून.

नाथा

६ सप्टेंबर २०२५

दादा,

नाव विचारलं, तेव्हा मी पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, स्पेलिंग?" ते सांगता सांगता घाम आला.

तीच तिसऱ्या दिवशी आली. गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी, स्वानंदीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. टब बघितला, धुराडी बघितली, एका बिळात हात घातला खांद्यापर्यंत. मला तू दिसलास. कुठून आणले ते मी सांगितलं, का आणले तेही सांगितलं. 'पुण्य' ह्या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना. तिने वहीत काय लिहिलं कोणास ठाऊक. शेवटी म्हणाली, "तुम्ही फोन केलात. बहुतेक लोक करत नाहीत." दंडाचं काय ते साहेब ठरवतील, पत्र येईल.

ओढ्यात त्यांनी पिंजरे लावले. सहा आठवडे वाट बघितली. ओढ्यात एकही सापडला नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिलं असतं.

तळ्यात मात्र औषध टाकावं लागलं. पाण्यातलं काही वाचणार नाही, हे तिने आधी सांगितलं होतं. मी विचारलं, बास दुसऱ्या तळ्यात नेता येतील का? म्हणाली, त्या पाण्याबरोबर पिल्लं जातील, नाही. प्रत्येक बिळात नळीने औषध सोडलं आणि माती दाबून बंद केली. दुपारपर्यंत मासे वर आले. भरलेले, गोल पोटाचे. डेल आले होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि काही विनोद केला नाही.

तुझे मांगूर खड्ड्यात टाकत होते तेव्हा तू काठावर उभा होतास. लोक घरी गेले, पथक गेलं, तू चुन्याने पांढरा झालेला खड्डा भरेपर्यंत हलला नाहीस. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणालो, केवढा हट्टी माणूस. इथे चार माणसं जाळीने मासे उचलत होती. मला सांगितलं, तुम्ही घरात बसा, वास येईल. मी काठावर उभा राहिलो. शेवटचा मासा उचलेपर्यंत पाय निघेना.

आता तळं रिकामं आहे. वरून काही कळत नाही. पाणी तसंच दिसतं, संध्याकाळी आभाळही तसंच उतरतं. मी काठावर बसून पाठ म्हणतो. काही उलटं पळत नाही, काही वर येऊन पाणी हलवत नाही.

तुझ्याकडे काही मागत नाही. पाच पत्रं झाली. एवढंच की तू वाचलीस का, तेवढं कोणाकडून तरी कळव.

नाथा

५ ऑक्टोबर २०२५
जिल्हा भंडारा

नाथा,

पाचही पत्रं पोचली. पहिलं आलं तेव्हा जाळं शिवत होतो, म्हणून तीन दिवस तसंच ठेवलं. बाकीची आल्या आल्या फोडली. तुझी वहिनी म्हणते, वाचता तर उत्तर का नाही देत. मी म्हटलं, थांब, अजून संपलं नाही त्याचं.

अर्जाचं मला माहीत होतं. पथक येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबाने कागद दाखवला. सही नव्हती. पण तुझं अक्षर मी पाटीपासून बघतो. तुला विचारलं ते त्याच्या नंतर, संध्याकाळी. माहीत असून विचारलं. वाटलं, हो म्हणेल, मी दोन शिव्या देईन आणि जेवायला बसू.

मांगूर सोडायला नको होते. शिंगूर तलावात परत यायला सहा वर्षं लागली. राग अर्जाचा नव्हता. सोसायटीत मला कोणी विचारलं की अर्ज कोणी केला, तर मी माहीत नाही म्हणालो. आईने एकदा रात्री विचारलं, "नाथा खोटं तर नाही ना बोलला?" मी म्हटलं, "नाही बोलला, झोप तू." तेव्हा एक खोटं माझ्याकडेही आहे. माझ्या गळ्यात माळ नाही एवढंच.

मासे रोड का होतात, विचारलं होतंस. तुझ्या तळ्यात खाणं कमी नव्हतं, मासे जास्त झाले होते. काढणारं कोणी नव्हतं. तू माळकरी, आणि तो म्हातारा धरून परत सोडून राहिला. पन्नास-साठ मासे काढून कोणाला खायला दिले असते तर बाकीचे आपोआप भरले असते. पोतं आणायची गरजच नव्हती. हे पहिल्या पत्रावरच सांगता आलं असतं. मी उत्तर नाही दिलं. तेवढं माझ्याकडे.

पाणी एक वर्ष राहू दे. आधी शेवाळ येईल, मग किडे येतील, मग बेडूक. बेडूक ओरडला की मला सांग. त्याच्या आधी काही सोडू नको, आणि सोडायच्या आधी विचार. त्या पोरीलाही विचार, बिळात हात घालते तर कामाची दिसते.

तुझा नंबर सुरू केला आहे. तुमच्याकडे रात्रीचे नऊ-दहा वाजतात तेव्हा इकडे सकाळ असते, मी तलावावरून आलेलो असतो.

आणि तो जीव चवीला कसा लागतो, ते त्या डेलला विचारून कळव. झिंग्यासारखा की खेकड्यासारखा?

रवींद्र